आंधळ्या राजाची पट्टी

आमच्या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "जोगळेकर, तुमच्या धंद्यातले गमतीचे किस्से लिहा. पाल चिकटलेल्या चित्राचा तर हवाच हवा." पालीचा किस्सा देतो. पण त्याच्या मागून दुसरा एक येणार आहे, तो त्यांनी मागितलेला नाही. मीही तो आठ वर्षं कुणाला दिला नव्हता.

मी चित्रं दुरुस्त करतो. सिंगापुरात गणपतीच्या जेवणाला नवीन माणूस शेजारी बसला की पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कुठल्या बँकेत?" मी चित्रं दुरुस्त करतो म्हटलं की तो म्हणतो, "अच्छा, फोटोशॉप!" आणि पलीकडच्या बँकवाल्याकडे वळतो. तक्रार नाही. मला वाढलेली भजी निवांत खाता येतात.

आमची कार्यशाळा सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या वाटेवर, एका औद्योगिक इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर जहाजांचे पंप दुरुस्त होतात. तिथले चव्हाण रत्नागिरीचे, आयुष्य इंजिनरूममध्ये घालवलेले. लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "काय साहेब, आज कुठला राजा ॲडमिट?" तेलाने माखलेले हात ते पाठीमागे धरतात, कारण एकदा मी त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे बोटाचा ठसासुद्धा पन्नास वर्षांनी दिसतो.

धंदा थोडक्यात सांगतो. तैलचित्र म्हणजे ताणलेलं कापड, त्यावर खळ आणि अस्तर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर वार्निश. वार्निश वयाबरोबर पिवळं पडतं, चहाच्या गाळणीसारखं. ते काढायचं आणि खालच्या रंगाला धक्का लावायचा नाही, एवढंच आमचं काम. बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, आणि नखाएवढी जागा पुसायची. मग दुसरा कापूस. धूळ आणि धूर काढायला सगळ्यात उत्तम द्रव म्हणजे माणसाची थुंकी. हे विनोदाने म्हणत नाही, जगभर वापरतात. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुण्यात केमिस्ट्री शिकून, म्युझियमात उमेदवारी करून, शेवटी थुंकीच ना?"

दुसरं हत्यार म्हणजे दिवा. खोली अंधारी करून जांभळा, अतिनील दिवा लावला की जुनं वार्निश शेवाळलेल्या तळ्यासारखं हिरवट चमकतं. त्याच्या वर कुणी नंतर रंग लावला असेल तर तो काळा डाग होऊन दिसतो. मागच्या दुरुस्तीवाल्यांची पापं अशी उघडी पडतात. प्रत्येक दुरुस्तीवाला आपल्या आधीच्याला शिव्या देतो, हा आमचा जुना कुळाचार. "कोण गाढव होता हा?" असं म्हटल्याशिवाय आम्हाला काम सुरू केल्यासारखं वाटत नाही.

आता पाल. एका गृहस्थांनी आजोबांचं व्यक्तिचित्र आणलं. आजोबांच्या कोटाच्या खिशावर, ओल्या वार्निशात अडकून मेलेलं पालीचं पिल्लू, सांगाड्यासकट. मी म्हटलं, "तासाभरात निघेल." ते दचकले. "काढायची नाही! ही चिकटली त्या वर्षापासून आमचं नशीब उघडलं." मग मी आजोबा स्वच्छ केले, पाल स्वच्छ केली, आणि अहवालात लिहिलं: पाल सुस्थितीत.

आमच्याकडे अहवालाला फार महत्त्व. काय काढलं, काय लावलं, कशाने लावलं, सगळं फोटोसकट लिहायचं. आपण भरलेला रंग पुढच्या माणसाला सहज काढता आला पाहिजे आणि तो आपला आहे हे त्याला कळलं पाहिजे. या दोन नियमांवर आमची सगळी अब्रू उभी आहे. यातला दुसरा मी मोडला.

नऊ वर्षांपूर्वी श्रीमती ओंग नावाच्या वृद्ध बाईंचं एक चित्र आलं. त्यांचे दिवंगत पती जहाजांच्या व्यवसायात होते, त्यांनी ते पॅरिसमध्ये घेतलेलं. उंची माझ्यापेक्षा जास्त. काढणारा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार. त्याचं नाव लिहीत नाही, त्याच्या नावाला माझी चूक चिकटायला नको. त्या काळी तिकडे इतिहासचित्र म्हणजे सगळ्यात मानाचा प्रकार, आणि त्यात पुराणं, दंतकथा, जुनी नाटकं, सगळंच यायचं. या गृहस्थाला ग्रीकांच्या शोकनाटकांचं वेड होतं. पण तो खून, युद्ध, आक्रोश काढत नसे. सगळं घडून गेल्यावर माणसं कशी उभी असतात, ते काढायचा.

या चित्रात एक म्हातारा राजा आहे. गोष्ट अशी: राज्यात रोगराई येते, राजा शपथ घेतो की ज्याच्या पापामुळे ही आली त्याला शोधून काढीन. शोधता शोधता तो स्वतःपर्यंत पोचतो. नकळत का होईना, पाप त्याचंच असतं. मग तो आपल्या हाताने आपले डोळे फोडतो आणि राज्य सोडतो. चित्रात तो डोळ्यांना पांढरट पट्टी बांधून खडकाळ वाटेने चालला आहे आणि त्याच्या मुलीने त्याचा हात धरला आहे. बस. मागे शहर, लांब, पिवळ्या धुळीत.

दिवा लावला तर पट्टी काळीकुट्ट! पूर्ण पट्टी वार्निशच्या वर होती. वार्निशच्या वर असेल ते नंतरचं, हा आमचा पाढा. मला वाटलं, कुणा नाजूक मनाच्या मालकाला रक्ताळलेले डोळे बघवले नसतील, त्याने पट्टी रंगवून घेतली. खाली चित्रकाराने काढलेले खरे डोळे असणार!

आमच्या मालकीणबाई, मॅडम लिम, तेव्हा आईच्या शस्त्रक्रियेसाठी तीन आठवडे पेनांगला गेल्या होत्या. एवढं मोठं काही काढायचं तर दोघांनी पाहायचं आणि चित्राच्या मालकाची लेखी परवानगी घ्यायची, हा कार्यशाळेचा नियम. पेनांगला फोन लावायला दोन मिनिटं लागली असती. मी लावला नाही. त्या परत येतील तेव्हा त्यांना उभं करून दाखवायचं होतं, बघा, मी काय शोधलं.

दोन दिवसांत पट्टी निघाली. खाली डोळे होते. जखम नाही, रक्त नाही. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचे धडधाकट डोळे, खाली मुलीच्या हाताकडे पाहणारे. आंधळ्या राजाला धडधाकट डोळे! मूर्खालाही शंका यावी. पण मी शिकलेला. शिकलेल्या माणसाला आपल्या चुकीला शोभेलसा अर्थ लगेच सापडतो. मी मनात म्हटलं, वा, अंतर्दृष्टी दाखवली आहे.

तिसऱ्या दिवशी श्रीमती ओंग यांचा ड्रायव्हर एक पाकीट देऊन गेला. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेला जुना, फिकट फोटो. चित्र प्रदर्शनाच्या भिंतीवर आहे, शेजारी शिडीवर चित्रकार, हातात रंगाची पाटी. आणि राजाच्या डोळ्यांवर पट्टी. सोबत चिठ्ठी होती. नवऱ्याच्या कागदांत सापडला. तो सांगायचा की चित्रकाराला डोळे जमले पण बघवले नाहीत, म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच पट्टी रंगवली. तुम्हाला गंमत वाटेल म्हणून पाठवते.

फ्रेंच प्रदर्शनात उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चित्रकार भिंतीवरच्या चित्राला वार्निश लावायचे आणि शेवटचे फटकारे मारायचे. काही तर वार्निशच्या वरसुद्धा. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मार्कही चांगले मिळाले होते.

मी खाली बसलो. समोर टेबलावर कापसाचे शे-दीडशे बोळे होते, मळकट पांढरे. शंभरावर वर्षं टिकलेली पट्टी त्या बोळ्यांत होती.

पुढे जे केलं त्याला मी बरीच वर्षं एक कारण देत आलो. मी कामाच्या पासवर होतो. नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडायचा. मुलीची सहावीची मोठी परीक्षा दोन महिन्यांवर होती. कारण खोटं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. मॅडम लिम जोगळेकरचं जोग करून लोकांना सांगायच्या, "जोगच्या हातात मी माझं मूलही निर्धास्त देईन." ते वाक्य मला गमवायचं नव्हतं. बाकी सगळं मग.

मी पट्टी परत रंगवली. फोटोत घड्या नीट दिसत नव्हत्या, गाठ तर धुरकटच. मी काढण्यापूर्वी जवळून फोटो घेतले नव्हते, घाई ना! मग अंकल सेंगना बोलावलं. ते आमच्या चित्रांच्या चौकटी करायचे, पलीकडच्या गल्लीत त्यांची वखार. बोलण्याला 'लाह'चं सिंगापुरी शेपूट. वय तेव्हा साठीचं, राजासारखंच हाडकुळं डोकं. मलमलीचा तुकडा त्यांच्या डोळ्यांवर बांधून खिडकीपाशी बसवलं.

"काय रे जोग, लिलावात काढतोस की काय मला?"

"हलू नका, अंकल."

"किंमत चांगली सांग हां. दात अजून माझेच आहेत, लाह."

अर्धा तास ते गुणगुणत बसले. मी गाठ काढून घेतली. काढता येण्याजोगे रंग वापरले, खाली वार्निशचा वेगळा थर दिला. चोरीतही शिस्त सोडली नाही. डोळ्यांचे मोबाइलवरचे फोटो पुसले. अहवालात लिहिलं: पट्टीवरील किरकोळ झड भरून काढली. बोळे मात्र टाकवेनात. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून घरी नेले आणि कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवले.

मॅडम आल्या, चित्र उजेडात पाहिलं, "सुंदर" म्हणाल्या. दिवा लावला नाही. माझ्या कामावर त्या दिवा लावत नसत.

नंतरची वर्षं तशी सुखाचीच गेली, हे कबूल केलं पाहिजे. पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली, मुलगी युनिव्हर्सिटीत गेली. मी नियमांच्या बाबतीत इतका कडक झालो की नवीन लोक मला टरकून असत. कुणी एक बारीक ठिपका भरला आणि नोंदवला नाही, तर मी त्याला तासभर सुनवायचो. सगळ्यांना वाटायचं, केवढा सचोटीचा माणूस.

गेल्या वर्षी श्रीमती ओंगनी ते चित्र एका म्युझियमला भेट द्यायचं ठरवलं. देण्याआधी तपासणीसाठी ते आमच्याकडे आलं. मी दालनात शिरलो तेव्हा पडदे ओढलेले होते आणि मॅडम लिम दिवा धरून उभ्या होत्या. भेटवस्तू म्हणून त्यांनी या वेळी स्वतः लक्ष घातलं होतं. हिरवट तळ्यात राजाच्या चेहऱ्यावर काळी पट्टी.

"हे बघ. किरकोळ झड म्हणून तू लिहिलं होतंस. आता पूर्ण पट्टी नवी आहे. आपल्यानंतर कुणीतरी हात मारलाय."

मी पडद्याची फट नीट ओढून घेतली.

"हात चांगला आहे," त्या दिवा जवळ नेत म्हणाल्या, "पण चोर आहे. कुणालाच न सांगता केलंय. जोग, तू शोधून काढ. शुक्रवारपर्यंत मला नाव दे."

नाव त्यांनी स्वतःच शोधलं. मधल्या काळात चित्र एकदाच घराबाहेर गेलं होतं, चौकट बदलायला, अंकल सेंगच्या वखारीत, दोन आठवडे. मॅडमचा तर्क असा की तिथे काहीतरी आपटलं आणि झाकायला त्यांनी कुणाकडून तरी रंगवून घेतलं. दुपारी अंकलना बोलावलं. मीही तिथेच, टेबलाच्या या बाजूला.

"मी चौकट केली," अंकल म्हणाले. "रंगाला मी हात लावत नाही. तीस वर्षांत कधी लावला?"

"मग कोणी लावला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खिशातली मोजपट्टी काढून उगाच उघडली, मिटली. "ते मला विचारू नका, लाह."

मॅडमनी त्यांच्याकडची पुढची सगळी कामं थांबवली. अंकल आमच्याकडे ठेवलेली त्यांची पटाशी आणि करवत वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. मी दार धरून उभा होतो. दार धरलं, बाकी काही केलं नाही.

घरी जेवण जाईना. मेधाने, माझ्या बायकोने, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी स्टूल घेऊन कपाटावरची बरणी काढली आणि ताटाशेजारी ठेवली. सगळं सांगितलं. ती बरणी फिरवून फिरवून पाहत होती.

"हे पट्टीचे तुकडे?"

"हो."

"मी समजत होते, तुझे काही नमुने आहेत. दर दिवाळीला पुसून ठेवत होते रे मी!" मग थांबून म्हणाली, "त्या राजाने निदान स्वतःचे डोळे फोडले. तू काय केलंस? लोणच्याच्या बरणीत कापूस भरून ठेवलास. आणि आता तुझ्याऐवजी त्या म्हाताऱ्या माणसाचे डोळे फोडू देतोस?"

"उद्या सांगतो."

"शुक्रवारची वाट बघू नकोस," ती म्हणाली. "आणि आता भात खा. उपाशी पोटी कबुली द्यायला गेलास तर मधेच चक्कर येऊन पडशील, आणि लोकांना तुझीच दया येईल."

सकाळी मी मॅडमच्या टेबलावर बरणी ठेवली आणि म्हणालो, "तुम्हाला नाव हवं होतं." उभ्यानेच सांगितलं, पेनांगच्या न केलेल्या फोनपासून. अंकलना समोर बसवून गाठ काढली तेही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला, बंद केलं.

"मी त्याला चोर म्हणाले तेव्हा तू समोर उभा होतास."

"हो."

"आणि सेंगला बोलले तेव्हाही."

"हो."

खालून पंपाची घरघर येत होती. "मूल देईन म्हणायचे मी," त्या म्हणाल्या. "आता नाही म्हणणार. कामं मात्र देईन. पण यापुढे तुझ्या प्रत्येक चित्रावर दिवा लागणार. प्रत्येक." आणि फोन माझ्याकडे सरकवला. "ओंगबाईंना तू सांग. मी नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून मी खचेन. खरं सांगतो, दिवा लागणार म्हटल्यावर मला हलकं वाटलं.

श्रीमती ओंग दुसऱ्या दिवशी आल्या. पंचाऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. रागावतील, वकील आणतील, अशी तयारी करून मी बसलो होतो. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "तुमची पट्टी निघते?"

"दहा मिनिटांत."

"काढा. मला डोळे बघायचेत. नवरा नुसतं सांगायचा."

या वेळी सगळं रीतसर झालं. परवानगीवर त्यांची सही, फोटो, मॅडम शेजारी. मी स्वतःची पट्टी पुसून काढली. माझं सगळ्यात चांगलं काम, पाच-सहा बोळ्यांत आलं. राजाचे डोळे उघडे झाले.

बाई जवळ गेल्या. खूप वेळ पाहिलं. "माझ्या नवऱ्याची नजर शेवटी गेली होती," त्या म्हणाल्या. "साखरेमुळे. मी त्याचा हात धरायचे तेव्हा तो असाच खाली बघायचा, माझ्या हाताकडे. काही दिसत नसताना." मग काठी आपटून म्हणाल्या, "झाका त्याला. कुणी डोळ्यांकडे बघितलेलं त्याला आवडायचं नाही."

त्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या की राजाबद्दल, मी विचारलं नाही. पट्टी पुन्हा रंगवायची ठरली. म्युझियमने मान्यता दिली, अट एकच, फाइलमध्ये सगळं हवं. उघड्या डोळ्यांचे फोटो, कुणी काढलं, कुणी लावलं, का. बरणीही त्यांनी मागून घेतली. आमच्या आंब्याच्या लोणच्याची बरणी आता म्युझियमच्या दफ्तरात आहे, क्रमांकासह.

त्याआधी अंकल सेंगकडे गेलो. ते रंधा मारत होते. मी माफी मागितली. ते थांबले नाहीत.

"मला माहीत होतं, लाह," ते म्हणाले. "चौकट बदलताना चित्र आडवं टेबलावर होतं. बघितलं तर कानामागे माझी गाठ. माझं डोकं मी ओळखत नाही?"

"मग मॅडमना का नाही सांगितलंत?"

"माझी चौकट वाकडी असेल तर मी सांगतो. तुझा रंग तू सांग." रंध्यावरचा भुसा त्यांनी फुंकला. "थोडा उशीर केलास. बस आता तिथे. या वेळी गाठ नीट काढ, मागच्या वेळी डावं टोक आखूड आलं होतं."

आणि त्यांनी स्वतःच मलमल डोळ्यांवर बांधून घेतली.

मॅडम स्वतः त्यांच्या वखारीत जाऊन आल्या, कामं पुन्हा सुरू झाली. आता कुठल्या चौकटीवर ओरखडा निघाला की अंकल मोठ्याने म्हणतात, "जोगला विचारा, जोगने केला असेल!" सगळी कार्यशाळा हसते. मीही हसतो. मला ते ऐकायला आवडतं, कारण आता सगळं सगळ्यांना माहीत आहे.

चित्र म्युझियमात लागलं त्या रविवारी आम्ही तिघं गेलो. मेधा, मी आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले अंकल. खालच्या पाटीवर फक्त त्या फ्रेंच चित्रकाराचं नाव आहे, ते तसंच हवं. अंकल राजासमोर हात मागे बांधून उभे राहिले. मग पहाऱ्यावरच्या माणसाला बोटाने खुणावलं.

"ती पट्टी बघ. ते माझं डोकं आहे."

पहारेकऱ्याने मान डोलावली, म्हाताऱ्या माणसांशी बोलताना डोलावतात तशी. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काहीतरीच ना?"

"नाही," मी म्हणालो. "खरं आहे. डोकं यांचं, पट्टी माझी. पहिली मी पुसली, चुकून. बाकी सगळं त्या चित्रकाराचं."

मेधाने माझ्याकडे पाहिलं. एका अनोळखी माणसाला, गरज नसताना, मी हे पहिल्यांदाच सांगत होतो. पहारेकरी चित्राच्या जवळ गेला आणि वाकून गाठीकडे बघू लागला.

"डावं टोक आता बरोबर आलंय," अंकल सेंग म्हणाले.